त्रेसष्ट टक्क्यांचं दार

हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेलं अडखळणं आणि मागून येणारा कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय, बाकी जवळपास बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय पिझ्झा नाही, पिझ्झाची भट्टी आहे. विटांची, लाकडावर चालणारी, घुमटाची. आणि ती कुठे बांधायची? तर कोल्हापुरात आमच्या घरामागच्या परसदारात, जे मोजून ११ फूट बाय ८ फूट आहे. त्यात पाण्याची मोटर, तुळस, कपडे वाळत घालायच्या दोन तारा आणि कोपऱ्यात गेली पंधरा वर्षं न पेटलेला तांब्याचा बंब. घरून काम सुरू झाल्यापासून मी इथंच असतो, आणि दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात असले किडे वळवळतात.

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे आधी विटा आणल्या नाहीत, आधी स्प्रेडशीट केली. इंटरनेटवर जे नकाशे फिरतात त्यात भट्टीचा आतला व्यास ४२ इंच धरलेला असतो. तो आमच्याकडे शक्यच नव्हता, म्हणून मी २८ इंच धरला. आता गंमत बघा. आत २८ इंच म्हटलं की वाटतं, अरे, ही तर परातीएवढी. पण त्यावर दोन्ही बाजूंनी साडेचार-साडेचार इंचांची वीट, तिच्याबाहेर तीन-तीन इंच उष्णतारोधक थर आणि वर एक-एक इंच गिलावा. झाले ४५ इंच. पुढे दाराबाहेरची दहा इंचांची पडवी, जिथून धुराडं वर जातं. म्हणजे खोली ५५ इंच. आठ फुटांच्या बाजूने ठेवली तर समोर ४१ इंच उरतात, आणि पिझ्झा आत सारायच्या लांब दांड्याच्या फावड्याची लांबी आहे चार फूट. दांडा थेट तुळशीत. शेवटी भट्टीचं तोंड अकरा फुटांच्या दिशेला फिरवलं तेव्हा कुठे माणूस उभा राहून हात मागे घेऊ शकेल इतकी जागा झाली. भट्टीची जागा म्हणजे फक्त भट्टीची जागा नसते, ती वापरणाऱ्या माणसाच्या कोपराचीही असते. हे कुठल्या नकाशात लिहिलेलं नव्हतं.

हे सगळं करताना एक आकडा सारखा समोर येत होता. ६३ टक्के. भट्टीच्या दाराची उंची ही आतल्या घुमटाच्या उंचीच्या ६३ टक्के ठेवा. प्रत्येक जण हे सांगतो, का ते फारसं कुणी सांगत नाही. कोडमध्ये असा कुठून आला माहीत नसलेला आकडा दिसला की मला चैन पडत नाही. त्याचा माग काढत गेलो आणि हा भाग तयार झाला.

सुरुवात पाँपेईपासून. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडलं गेलेलं शहर. तिथे आजवर तीसहून अधिक बेकऱ्या सापडल्यात. १८६२ मध्ये त्यातल्या एका बेकरीची भट्टी उघडली, तर आत ८१ पाव होते, कोळसा झालेले, पण आकार जसाच्या तसा. गोल, वरून आठ भाग पाडलेले. आजही नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात ते पाव बघायला मिळतात. मला पावांपेक्षा भट्टीचं आश्चर्य वाटतं. विटांचा घुमट, सपाट तळ, पुढे एकच कमानीचं दार आणि धूर त्याच दारातून बाहेर पडून पुढच्या धुराड्याने वर. माझ्या लॅपटॉपवर होता तोच नकाशा! एकोणीसशे वर्षांत तंत्रज्ञानाची एकही नवी आवृत्ती निघालेली नाही.

याचं कारण सोपं आहे. घुमट तीन कामं एकदम करतो. जाळ आतल्या छताला घासत फिरतो, तापलेल्या विटा वरून उष्णता परत खाली फेकतात आणि जाड भिंत ती उष्णता धरून ठेवते. वरून, खालून, बाजूने, सगळीकडून भाजणं. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली. तिचे नियम सांगतात की तळ सुमारे ३८० ते ४३० अंश सेल्सिअस, घुमट ४८५ च्या आसपास आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. घरातला विजेचा ओव्हन अडीचशेला धापा टाकतो.

जाता जाता एक. २०२३ मध्ये पाँपेईत एक भित्तिचित्र सापडलं, चांदीच्या तबकात गोल भाकरीसारखं काही आणि त्यावर फळं. जगभर बातम्या झाल्या, 'दोन हजार वर्षांपूर्वीचा पिझ्झा!' अहो, टोमॅटो अमेरिका खंडातून युरोपात यायला तेव्हा दीड हजार वर्षं बाकी होती. त्याच वर्षाच्या शेवटी जाहीर झालेल्या दुसऱ्या शोधाची चर्चा मात्र कमी झाली. तिथल्याच एका घरात एक बेकरी निघाली. एक बंदिस्त खोली, उंचावर गज लावलेल्या लहान खिडक्या. तिथे गुलाम आणि गाढवं कोंडून जाती ओढायला लावत होते. त्या आठ भाग पाडलेल्या देखण्या पावामागे हेही होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. पाँपेईत तीसहून अधिक बेकऱ्या होत्या, याचा दुसरा अर्थ असा की बहुतेकांच्या घरी भट्टी नव्हती. दाटीच्या शहरात ती परवडतच नाही. लाकूड किती लागतं! घुमट तापवायलाच तास-दोन तास जातात. दोन पावांसाठी तेवढा जाळ कोण करेल? त्यामुळे विटांची भट्टी ही मुळात सामाईक वस्तू, गावातल्या विहिरीसारखी. परसातली खासगी भट्टी हा अपवाद.

नेपल्समध्ये हे फार स्पष्ट दिसतं. तिथे गरिबांची घरं म्हणजे 'बास्सी', रस्त्याला लागून असलेल्या तळमजल्यावरच्या एकेका खोल्या. दार उघडलं की रस्ता. आपल्या चाळीतली दहा बाय दहाची खोली आठवा, फक्त गॅलरीशिवाय. अशा घरात भट्टी कुठे बांधणार? म्हणून पिझ्झा हे तिथे विकत घ्यायचं, रस्त्यावर खायचं अन्न झालं. १८३५ मध्ये नेपल्सला गेलेला फ्रेंच लेखक अलेक्झांडर ड्यूमा याने तिथल्या गरिबांबद्दल लिहिलंय की ही माणसं हिवाळ्यात पिझ्झावर आणि उन्हाळ्यात कलिंगडावर जगतात. 'आठाचा पिझ्झा' असाही प्रकार त्याने ऐकला, आणि त्याचा अर्थ लावला, आठ दिवसांचा शिळा पिझ्झा! खरं तर ती उधारी होती. आज खा, आठ दिवसांनी पैसे दे. साहेब मंडळी गरिबांचं जेवण समजून घेताना कशी घसरतात त्याचा हा छान नमुना आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर लाकूड आणि चीजसुद्धा महाग झालं. तेव्हा बायकांनी घराच्या दारात कढई मांडली आणि पिझ्झा तळून विकायला सुरुवात केली, उधारीची पद्धत तीच. १९५४ च्या 'लोरो दी नापोली' या चित्रपटात सोफिया लॉरेन हेच करताना दिसते. जागा नाही, भट्टी नाही, तर तळा! मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तू पण तळ की. विटांचा एवढा पसारा कशाला?" प्रश्न बरोबर होता. मी विषय बदलला.

युरोपच्या खेड्यांत भट्टी सामाईक होती, पण मालकीची होती. फ्रान्समध्ये सरंजामदाराची भट्टी असायची आणि गावकऱ्यांनी आपले पाव तिथेच नेऊन भाजायचे, वर त्याचा मोबदला द्यायचा, असा कायदेशीर हक्क होता. चक्की त्याची, द्राक्षं चिरडायचा घाणा त्याचा, भट्टी त्याची. घरी भट्टी बांधणं हा मालकाचा महसूल बुडवणं होता. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रसभेने सरंजामी हक्क संपवायला घेतले, त्या यादीत हा भट्टीचा हक्कही होता. राज्यक्रांती म्हटलं की आपल्याला बॅस्टीलचा तुरुंग आठवतो. खेड्यातल्या बाईला बहुधा भट्टी आठवत असेल.

आणि इथे ६३ टक्क्यांचा धागा हाताला लागतो. फ्रेंच लोक अटलांटिक ओलांडून आजच्या कॅनडातल्या क्युबेकला गेले तेव्हा हे हक्क सोबत घेऊन गेले. चक्कीचा हक्क तिथे चालला, भट्टीचा काही नीट रुजला नाही. घरं नदीच्या काठाने लांबच लांब पसरलेली, आणि हिवाळा असा की मळलेली कणीक घेऊन मालकाच्या भट्टीपर्यंत जाईस्तोवर ती वाटेतच गोठायची. मग लोकांनी आपापल्या अंगणात मातीच्या भट्ट्या बांधल्या. लाकडी चौथरा, त्यावर वाकवलेल्या फांद्यांचा सांगाडा, त्यावर मातीचा लेप. म्हणजे परसातली भट्टी हा ज्याला आपण आज हौसेचा प्रकार समजतो, तो तिथे एका जुलमी हक्कातून झालेली सुटका होती. तीही क्रांतीने नाही, थंडीने केलेली.

या भट्ट्या विसाव्या शतकात वापरातून जात होत्या. लीझ बॉयली आणि ज्याँ-फ्रान्स्वा ब्लाँशेट या दोघांनी क्युबेकभर फिरून उरलेल्या भट्ट्या मोजल्या, म्हाताऱ्या माणसांशी बोलले. त्यांचं पुस्तक इंग्रजीत १९७९ मध्ये आलं. त्या मोजमापांत एक गोष्ट दिसली. भट्टी लहान असो की मोठी, दाराची उंची घुमटाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के भरते. बांधणाऱ्यांपैकी कुणी टक्केवारी काढली नव्हती. ज्या भट्ट्यांचं दार उंच झालं त्या नीट तापल्या नसणार, ज्यांचं बुटकं झालं त्या धुराने गुदमरल्या असणार, आणि पुढच्या माणसाने चांगल्या चालणाऱ्या भट्टीची नक्कल केली असणार. असं पिढ्यानपिढ्या झालं की आकडा आपोआप एका जागी येऊन बसतो.

दाराचं काम दुहेरी आहे, कारण भट्टीला दुसरं भोकच नाही. त्याच दाराच्या खालच्या भागातून थंड हवा आत शिरते आणि वरच्या भागातून तापलेला धूर बाहेर पडतो. दारापेक्षा वर राहिलेला घुमटाचा भाग म्हणजे उष्णतेची साठवणीची कोठी. दार उंच केलं की कोठी लहान होते.

मग हा आकडा माझ्यापर्यंत कसा आला? त्याआधी परसातली भट्टी पुन्हा फॅशनमध्ये यावी लागली, आणि त्यात ॲलन स्कॉट या माणसाचा मोठा वाटा आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, कॅलिफोर्नियात राहणारा लोहार. एका मैत्रिणीला घरच्या पावासाठी भट्टी हवी होती म्हणून त्याने पहिली बांधली, मग बांधतच राहिला, शिबिरं घेतली. डॅनियल विंगबरोबरचं त्याचं पुस्तक १९९९ मध्ये आलं आणि हौशी लोकांचा तो ग्रंथच झाला. त्याची भट्टी मात्र पावाची, म्हणजे लांबट कमानीची, जाडजूड. आधी जाळ करायचा, मग निखारे ओढून काढायचे, दार लावायचं आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे. पिझ्झाला आत जिवंत जाळ लागतो आणि भट्टी लवकर तापायला लागते, त्यासाठी गोल घुमट बरा. या दोन पंथांत लोक इंटरनेटवर इतके भांडलेत की आमच्यातली टॅब विरुद्ध स्पेसची भांडणं सौम्य वाटावीत. इतक्या कमी जागेत निवड सोपी होती. जाडजूड भट्टी मावतच नव्हती.

माझ्या २८ इंच व्यासाच्या अर्धगोलाची उंची १४ इंच. त्याच्या ६३ टक्के म्हणजे पावणेनऊच्या थोडं वर, नऊ इंच म्हणू. मंडळी, एवढा इतिहास वाचून, सगळा हिशेब करून मी दार किती ठेवलं असेल? अकरा इंच.

कारण आईचा केकचा उंच डबा नऊ इंचांत जात नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, दोन इंचांनी काय होतंय.

बांधकामाचा तपशील थोडक्यात सांगतो. फायर ब्रिक उद्यमनगरातून आणल्या. कोल्हापुरात फाउंड्र्या असल्याने ही वीट मिळणं अवघड नाही, बाकीच्या गावांत शोधावी लागेल. शंभरच्या आत काम झालं. साधं सिमेंट आत वापरायचं नाही, चारशे-पाचशे अंशांना ते भुसभुशीत होतं. फायर क्ले आणि बारीक वाळूचा लेप. गवंडीमामा घुमटासाठी सेंटरिंग करायला निघाले होते. मी म्हटलं, ओल्या वाळूचा ढीग करून त्यावर विटा रचू, मग दारातून वाळू काढून घेऊ. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तसं माझ्या मॅनेजरनेही कधी बघितलेलं नाही. पण घुमटाचं एकेक वलय पूर्ण होत गेलं तसे ते खूश झाले. म्हणाले, "दादा, विजापूरचा गोलघुमट मी बगून आलोय. ह्यो त्याचा नातू."

वाळू काढली. आठवडाभर छोटे छोटे जाळ करून विटांतलं पाणी घालवलं. ही घाई केली तर आतल्या आत वाफ होऊन तडे जातात, आणि मी चौथ्या दिवशी घाई केलीच, त्यामुळे मागच्या बाजूला केसाएवढा एक तडा आहे. तो चालतोय. मग पहिला खरा जाळ. दोन तास झाले तरी घुमट काळाच. भट्टी पुरेशी तापली की छतावरची काजळी स्वतःच जळून जाते आणि विटा पुन्हा पांढऱ्या दिसायला लागतात, ती खूण. आमच्या विटा काळ्याच्या काळ्या. तापमानाची बंदूक लावली तर घुमट २९०. पिझ्झा सात मिनिटं लागला आणि खाकऱ्यासारखा झाला.

दोन आठवडे मी लाकडाला दोष दिला, विटांना दिला, धुराड्याची लांबी बदलून बघितली. शेवटी आजी काठी टेकत मागे आली. तिचं आयुष्य राधानगरीकडच्या खेड्यात चुलीसमोर गेलेलं, वैलाची चूल ती स्वतः घालायची. माती, शेण, तूस, सगळं हातानं. तिने खाली वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "तोंड लई वासलंय की हिचं. समदा जाळ भाईर पळतोय. चुलीचं तोंड आदी ठरवायचं असतं, मग चूल."

मी तिला ६३ टक्के वगैरे काही सांगितलं नाही. तिने चुलीचं तोंड कधी फुटपट्टीने मोजलं नव्हतं, वीत आणि चार बोटं हेच तिचं माप. क्युबेकमधल्या त्या बायकांशी तिचं जमलं असतं. दुसऱ्या दिवशी मी कमान फोडली. तीन दिवसांनी नऊ इंचांची नवीन बांधली. पुढच्या जाळाला एक तास दहा मिनिटांत छत पांढरं झालं, आणि पिझ्झा दोन मिनिटांच्या आत. केकचा डबा अजूनही विजेच्या ओव्हनमध्येच जातो.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण भट्टीची गोष्ट भट्टीपाशी संपत नाही, ती भिंतीपलीकडे जाते.

आमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला लागून जे काका राहतात त्यांना दमा आहे. मला हे माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं! पहिल्या जाळाला मी स्वस्तात मिळालेलं चिंचेचं अर्धओलं लाकूड लावलं, आणि काका भिंतीपाशी आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाळा, आज किती वेळ चालायचंय? म्हणजे मी तेवढा वेळ लेकीकडे जाऊन येतो." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी पाणी मारून जाळ विझवला, जे तापलेल्या भट्टीत कधीच करू नये, आणि पुढे तीन आठवडे पेटवली नाही.

त्या तीन आठवड्यांत मी इतिहासाचा हाच भाग वाचत होतो. लंडनची १६६६ ची आग २ सप्टेंबरला पहाटे पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनरच्या बेकरीत सुरू झाली, आणि विझेपर्यंत सुमारे १३,२०० घरं गेली. त्यानंतर शहरात घरं विटांची किंवा दगडाची बांधायचा कायदा आला. एका भट्टीमुळे अख्खं शहर विटांचं झालं. आपल्याकडे प्रश्न आगीपेक्षा धुराचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. बेकरीवाल्यांचं म्हणणं, खर्च झेपत नाही, जुन्या भट्ट्या बदलायला जागा नाही आणि पावाची चव जाते. मला चवीचा मुद्दा पटतो. पण यातल्या बऱ्याच भट्ट्यांत भंगारातलं फर्निचर जळतं, रंग आणि पॉलिशसकट, हेही खरं आहे. आणि त्या भट्टीच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी राहतं. तो निकाल वाचताना मी चिडलो असतो, जर मला काकांचं 'लेकीकडे जाऊन येतो' आठवलं नसतं.

मुंबईचा पाव गोव्याहून आला, हे तुम्हाला माहीत असेलच. 'पाव' पोर्तुगीज भाषेतून आला, पायाने मळतात म्हणून पाव ही नुसती दंतकथा. आणखी एक कथा आमच्या घरातही चालायची. विहिरीत पाव टाकला, गावाने ते पाणी प्यायलं आणि गाव बाटलं. माझ्या पणजीच्या स्वयंपाकघरात पावाला मज्जाव होता. सामाईक विहीर आणि सामाईक भट्टी, दोन्हींभोवती माणसं आपलं-परकं कसं ठरवतात बघा.

त्याच सुमारास मी गोव्यात गेलो होतो, आणि बारदेशातल्या एका पोदेराची भट्टी बघायला मिळाली. पोदेर म्हणजे पाव भाजणारा, सकाळी सायकलवर पों-पों करत पोयी आणि उंडे घेऊन फिरणारा. भट्टी जांभ्या दगडाची. तळाखाली काय आहे विचारलं तर म्हणाले, वाळू, फुटक्या बाटल्यांच्या काचा आणि मीठ. काच आणि वाळू उष्णता धरायला, हे मला समजलं. मीठ कशाला? त्यांनी खांदे उडवले. "आजो घालतालो." आजोबा घालायचे. पूर्वी यीस्टऐवजी सूर, म्हणजे माडाची ताडी, पीठ फुगवायला वापरायचे, तेही त्यांनी सांगितलं. मी शेजाऱ्यांच्या तक्रारीबद्दल विचारलं तेव्हा ते हसले. रात्री दोन वाजता पेटवतो, पहाटे सगळ्यांच्या दारात पाव असतो, तक्रार कोण करणार? धूर सगळ्यांचा होता, कारण पावही सगळ्यांचा होता. माझा धूर काकांचा आणि पिझ्झा माझा, असा मामला होता.

परत आल्यावर मी आधी काकांकडे गेलो. लाकूड आता सहा महिने वाळवलेलं बाभळीचं. रचना उलटी केली, जाड लाकूड खाली, काटक्या वर, आणि जाळ वरून लावायचा. असं केलं की खालच्या लाकडाचा धूर वरच्या जाळातून जाताना जळतो. खरोखर फरक पडतो, दाट धूर पंधरा-वीस मिनिटांत संपतो. धुराडं तीन फुटांनी वाढवलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि एकच अट घातली, "वारा पश्चिमेकडून असेल तेव्हाच पेटव."

अट रास्त. पण कोल्हापुरात वारा पश्चिमेकडून येतो तो पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात लाकूड ओलं. हिवाळ्यात लाकूड कडक वाळलेलं, आणि वारा पूर्वेकडून, सरळ काकांच्या खिडकीत. याला काही उपाय सापडलेला नाही. गॅसचा बर्नर मागवलाय, तो खोक्यातच आहे. उघडायचा धीर होत नाहीये. सध्या शुक्रवारी संध्याकाळी काका दोन तास भजनाला जातात तेव्हा पेटवतो, आणि ते परत यायच्या आत नुसते निखारे उरतील असं बघतो.

भट्टी मात्र तेव्हाही तीनशेच्या वर असते. पिझ्झा झाल्यावर आई पाव लावते, मग दूध आटवायला ठेवते. मागच्या शुक्रवारी काकू भिंतीपाशी आल्या. हातात चार वांगी, कृष्णाकाठची, मोठी.

"भरीत करायचंय रे. गॅसवर त्याला चव नाही येत. ठेवतोस का आत?"